तागडीचा माणूस : आंत्वान लाव्हाझ्ये

आपल्या मंडळातल्या ज्येष्ठ सभासदांना शेर, अच्छेर, पावशेर, छटाक ही मापे अजून आठवत असतील. सराफाच्या दुकानात तर गुंज, मासा आणि तोळा हीच भाषा होती. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. शेर म्हणावा तर मुलखागणिक निराळा. एका संस्थानातला शेर शेजारच्या संस्थानात चालेलच असे नव्हते. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला आणि पाहता पाहता शेर फक्त शेरास सव्वाशेर एवढ्यापुरता उरला.

हा किलोग्रॅम नेमका किती, हे ज्या दोघांनी पहिल्यांदा काळजीपूर्वक तोलून सांगितले, त्यांतला एक होता फ्रान्सचा आंत्वान लोरां लाव्हाझ्ये. ते साल १७९३. त्याच वर्षाच्या अखेरीस तो तुरुंगात होता आणि पुढच्या मे महिन्यात पॅरिसच्या चौकात त्याचा शिरच्छेद झाला. आठवी-नववीची आपली मुले द्रव्य अक्षय्यतेचा नियम पाठ करतात तेव्हा त्याचे नाव एका ओळीत येते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. त्याचा जन्मदिवस २६ ऑगस्ट, म्हणजे बहुतेक वर्षी गणेशोत्सवाच्या आगेमागेच येणारा. विद्येच्या देवतेच्या उत्सवात या विद्यावंताची आठवण करावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

वकिलाचा मुलगा

लाव्हाझ्येचा जन्म १७४३ साली पॅरिसमध्ये झाला. वडील वकील, घर खाऊनपिऊन सुखी. पण तो पाच वर्षांचा असताना आई गेली, आणि पुढे एकुलती धाकटी बहीणही ऐन पंधराव्या वर्षी गेली. आजी आणि अविवाहित मावशी यांनी त्याला वाढवले. घराण्याची परंपरा म्हणून त्याने कायद्याची पदवी घेतली, पण वकिली कधी केली नाही. त्याचे मन शाळेतच दुसरीकडे लागले होते. माझारँ महाविद्यालयात त्याला गणित आणि खगोलशास्त्र शिकवायला लाकाय नावाचे नामांकित ज्योतिर्विद होते. ताऱ्यांचे कोन मोजणाऱ्या या गुरूकडून त्याला एक सवय लागली. मोजल्याशिवाय बोलायचे नाही आणि मोजमापात किती चूक असू शकते हे विसरायचे नाही. हे गुरुजी या गोष्टीत शेवटी पुन्हा भेटणार आहेत, म्हणून त्यांचे नाव लक्षात ठेवावे.

त्या काळचे रसायनशास्त्र म्हणजे बरेचसे स्वयंपाकघरासारखे होते. चिमूटभर हे, पळीभर ते, रंग पालटला की झाले. पदार्थांची नावे गूढ आणि स्पष्टीकरणे त्याहून गूढ. हुशार लोक त्यात नव्हते असे नाही. स्कॉटलंडचा जोसेफ ब्लॅक, इंग्लंडचा कॅव्हेंडिश यांनी उत्तम मोजमापे केली होती. पण प्रत्येक प्रयोगाचा शेवट हिशेबाने व्हावा, आधी आणि नंतरची बेरीज जुळलीच पाहिजे, हा नियम सगळ्या शास्त्राला लावायचे काम लाव्हाझ्येने केले. १७६५ साली, बाविशीत पोचण्याआधीच, त्याने जिप्सम या खनिजावरचा आपला पहिला निबंध विज्ञान अकादमीपुढे वाचला. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या रस्त्यांवरच्या दिव्यांविषयीच्या निबंधाबद्दल राजाकडून सुवर्णपदक मिळाले. १७६८ साली, वयाच्या पंचविशीच्या उंबरठ्यावर, तो अकादमीचा सभासद झाला.

एकशे एक दिवस

त्या वेळी एक जुनी समजूत होती की पाणी पुष्कळ तापवले तर त्याची माती होते. काचेच्या भांड्यात कितीही शुद्ध पाणी दीर्घकाळ उकळले की तळाशी मातीसारखा गाळ दिसतो, हे खरेच होते. डोळ्यांना दिसत होते, मग नाही कसे म्हणायचे?

लाव्हाझ्येने वाद घातला नाही. त्याने पेलिकन नावाचे काचेचे भांडे घेतले. या भांड्याच्या माथ्यावरून दोन नळ्या वळून पुन्हा पोटात शिरतात, त्यामुळे वाफ थंड होऊन तेच पाणी परत खाली येते. रिकामे भांडे तोलले, पाणी घालून तोलले, तोंड बंद केले आणि मंद आचेवर ठेवून दिले. ऑक्टोबर १७६८ ते फेब्रुवारी १७६९, एकूण एकशे एक दिवस. गाळ दिसू लागला. मग त्याने पुन्हा सगळे तोलले.

भांडे, पाणी, गाळ यांचे एकूण वजन जसेच्या तसे होते. म्हणजे बाहेरून काही आत आले नव्हते. नुसते भांडे तोलले तर ते सुमारे सतरा ग्रेनांनी हलके झाले होते. गाळ आणि पाण्यात विरघळलेले घन मिळून भरले सुमारे वीस ग्रेन. फ्रेंच ग्रेन म्हणजे आजचे सुमारे ०.०५३ ग्रॅम, आपल्या गुंजेच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे गाळ पाण्यातून नव्हे, काचेतून आला होता. तापत्या पाण्याने भांडेच झिजवले होते.

सतरा आणि वीस यांच्यात तीन ग्रेनांचा फरक राहिला. लाव्हाझ्येने तो लपवला नाही. निबंधात नोंदवला आणि ओतण्यात, उकळून आटवण्यात झालेली चूक म्हणून त्याचा विचार केला. हिशेब चोख ठेवणारा माणूस आणि हिशेब जुळवून दाखवणारा माणूस यांच्यातला फरक असा तीन ग्रेनांत दिसतो.

करवसुली आणि प्रयोगशाळा

याच १७६८ साली त्याने आणखी एक गोष्ट केली, आणि तीच पुढे त्याच्या जिवावर उठली. राजासाठी कर वसूल करण्याचा मक्ता एका मोठ्या मंडळीकडे असे. ही मंडळी राजाला आगाऊ रक्कम देत आणि मग मीठ, तंबाखू, पॅरिसमध्ये येणारा माल यांवरचे कर जनतेकडून गोळा करीत. वरचा नफा त्यांचा. लाव्हाझ्येने या मक्त्यात भागीदारी विकत घेतली. स्वतः तो लाचखोर नव्हता. तंबाखूतली भेसळ पकडण्यासाठी त्याने कसोशीने तपासण्या केल्या. पण गरिबाच्या मिठावर कर घेणाऱ्या संस्थेचा तो भागीदार होता, ही गोष्ट काही बदलत नाही. चोरटा माल रोखण्यासाठी पॅरिसभोवती भिंत बांधण्याच्या योजनेतही त्याचा हात होता. त्या भिंतीमुळे त्याने किती शत्रू जोडले, त्याची मोजदाद त्याला करता आली नाही.

१७७१ साली मक्त्यातलाच एक सहकारी पोल्झ याची मुलगी मारी हिच्याशी त्याचे लग्न झाले. तो अठ्ठावीस वर्षांचा, ती चौदाही पुरी नव्हती. आज हे खटकते, पण पुढची गोष्ट मात्र बरोबरीच्या संसाराची आहे. मारी इंग्रजी शिकली, कारण नवऱ्याला ते येत नव्हते. इंग्रज रसायनज्ञांचे लेखन तिने त्याच्यासाठी फ्रेंचमध्ये आणले. दाव्हिद या विख्यात चित्रकाराकडे तिने चित्रकलेचे धडे घेतले आणि नवऱ्याच्या ग्रंथातल्या उपकरणांच्या तेरा आकृती स्वतः काढल्या. प्रयोग चालू असताना नोंदवही तिच्या हातात असे.

सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते दहा प्रयोगशाळा, मधले तास मक्त्याचे आणि सरकारी काम, आणि शनिवारचा पूर्ण दिवस फक्त प्रयोगांसाठी. हा क्रम त्याने वर्षानुवर्षे चालवला. मक्त्याचा पैसा उपकरणांत जाई. फोर्तँ आणि मेग्निए या कारागिरांकडून त्याने तराजू करवून घेतले. एक मोठा, पंधरा-वीस पौंडांसाठी. एक मधला, काही औंसांसाठी. एक अगदी नाजूक, किरकोळ वजनांसाठी. जे वजन ज्या तराजूचे ते त्याच तराजूवर. सराफ धान्याच्या काट्यावर सोने तोलत नाही, तसे. शिवाय आम्लांच्या वाफेने काटे गंजू नयेत म्हणून तराजू प्रयोगशाळेत न ठेवता वेगळ्या खोलीत ठेवावेत, असा त्याचा सल्ला होता. शाळा-महाविद्यालयांत आजही तराजूची खोली निराळी असते, ती यासाठीच.

हवाही तोलावी लागते

तेव्हा ज्वलनाची सर्वमान्य उपपत्ती अशी होती की जळणाऱ्या पदार्थात फ्लॉजिस्टन नावाचे काहीतरी असते आणि जळताना ते निघून जाते. लाकूड जळून मूठभर राख उरते, तेव्हा हे पटतेही. पण कथील किंवा शिसे हवेत खूप तापवले की त्याची भुकटी होते आणि ती मूळ धातूपेक्षा जड भरते. काही निघून गेले तर वजन वाढले कसे? यावर काहींनी फ्लॉजिस्टनला उणे वजन बहाल करून सुटका करून घेतली.

१७७२ साली लाव्हाझ्येने पाहिले की गंधक आणि फॉस्फरस जळतानाही वजन वाढते. शोध मोठा होता. १ नोव्हेंबर १७७२ रोजी त्याने तो एका मोहोरबंद पाकिटात घालून अकादमीच्या चिटणिसाकडे ठेवला. मग १७७४ साली कथलाचा प्रयोग केला. काचेच्या बकपात्रात कथील घालून तोंड वितळवून बंद केले, तोलले, तापवले. भुकटी झाली. न उघडता पुन्हा तोलले तर वजन तेवढेच. म्हणजे अग्नीतून काही काचेपार आत शिरले नव्हते. मग तोंड फोडले तेव्हा बाहेरची हवा आवाज करीत आत घुसली आणि आता वजन वाढले. जेवढे वजन वाढले तेवढेच कथलाचे वाढले होते. धातूने आतल्या हवेचा एक भाग घेतला होता आणि रिकामी झालेली जागा बाहेरच्या हवेने भरून काढली होती.

त्या वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडचा जोसेफ प्रीस्टली पॅरिसला आला होता. लाव्हाझ्येच्या घरी जेवताना त्याने सांगितले की पाऱ्याची लाल भुकटी तापवून त्याला एक विलक्षण वायू मिळाला आहे, ज्यात मेणबत्ती झळझळून जळते. स्वीडनच्या शेले यानेही तो वायू स्वतंत्रपणे मिळवला होता. लाव्हाझ्येने ते ऐकले, प्रयोग पुन्हा केले, पुढे नेले, पण लिहिताना प्रीस्टलीचे ऋण नीट मान्य केले नाही. वजनात ग्रेनाचीही चूक सहन न करणाऱ्या माणसाच्या हातून श्रेयाच्या तागडीत ही खोट राहिली. चरित्र लिहिताना तीही नोंदवायला हवी. मात्र त्या वायूचा अर्थ लावला तो लाव्हाझ्येनेच. प्रीस्टली शेवटपर्यंत फ्लॉजिस्टनलाच धरून राहिला.

बारा दिवस आणि साडेतीन ग्रेन

लाव्हाझ्येचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग पुस्तकात एका आकृतीत आटोपतो. आपण त्याचा हिशेब करून पाहू. वही-पेन्सिल घेऊन घरातल्या मुलांनाही बसवता येईल.

चार औंस पारा लांब मानेच्या पात्रात घेतला. पात्रातली आणि त्याला जोडलेल्या हंडीतली मिळून हवा होती पन्नास घन इंच, म्हणजे साधारण एक लिटर. बारा दिवस अखंड आच दिली. पाऱ्यावर लाल कण जमले आणि हवा घटून बेचाळीस-त्रेचाळीस घन इंच उरली. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझत होती आणि प्राणी गुदमरत होते. लाल कण गोळा केले, ते भरले ४५ ग्रेन. मग तेच कण छोट्या पात्रात आणखी जोराने तापवले. मिळाला ४१.५ ग्रेन पारा आणि सात ते आठ घन इंच असा वायू, ज्यात ज्योत भडकत होती. त्यालाच पुढे त्याने ऑक्सिजन हे नाव दिले.

आता वजाबाकी. ४५ उणे ४१.५ म्हणजे ३.५ ग्रेन. एवढा वायूचा वाटा. हे पडताळायचे कसे? ऑक्सिजनचा एक घन इंच साधारण अर्धा ग्रेन भरतो. सात घन इंचांचे झाले साडेतीन ग्रेन. तराजूने एक उत्तर दिले, मापाच्या नळीने दुसऱ्या वाटेने तेच दिले. हिशेब जुळला.

टक्केवारी काढू. ३.५ भागिले ४५ म्हणजे ७.८ टक्के. आजच्या अणुभारांवरून उत्तर येते ७.४ टक्के. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला हे फार जवळ म्हणावे लागेल. पण यात एक धडा दडलेला आहे, तो मुलांना आवर्जून सांगावा. समजा, तोलण्यात अर्ध्या ग्रेनाची चूक झाली. पंचेचाळिसात अर्धा म्हणजे जेमतेम एक टक्का, काही विशेष नाही. पण तोच अर्धा ग्रेन साडेतीनात धरला तर सातवा हिस्सा होतो, म्हणजे चौदा टक्के. ऑक्सिजन तीन ग्रेनही असू शकेल आणि चारही. म्हणजे उत्तर ६.७ आणि ८.९ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी. खरे उत्तर त्यात बसते. पण कोणी गणकयंत्रावर भागाकार करून ७.७७७८ टक्के असे लिहिले, तर शेवटचे आकडे काट्याने दिलेले नसतात, यंत्राने दिलेले असतात. दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या वजनांची वजाबाकी केली की उत्तर लहान होते, चूक मात्र लहान होत नाही. शाळेत सार्थ अंक म्हणून जे शिकवतात ते हेच. काट्याला जेवढे कळते तेवढेच लिहावे.

दशांशांचा दिमाख

हा धडा खुद्द लाव्हाझ्येला नेहमीच पाळता आला असे नाही. जून १७८३ मध्ये लाप्लास या गणितज्ञाच्या साथीने त्याने हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळून पाणी तयार केले. इंग्लंडमध्ये कॅव्हेंडिशने ते आधीच केले होते आणि ती बातमी पॅरिसला पोचली होती. इथेही श्रेयाचा वाद झाला. पण पाणी हे मूलद्रव्य नसून दोन वायूंचे संयुग आहे, असा स्पष्ट निष्कर्ष लाव्हाझ्येने काढला. फेब्रुवारी १७८५ मध्ये त्याने मन्ये या लष्करी अभियंत्याबरोबर मोठ्या प्रमाणावर पाणी मोडले आणि पुन्हा घडवले. त्यासाठी वायू मोजण्याची महागडी उपकरणे खास बनवून घेतली.

त्याने काढलेले प्रमाण असे : शंभर भाग पाण्यात ८५ भाग ऑक्सिजन आणि १५ भाग हायड्रोजन. आजचे उत्तर ८८.८ आणि ११.२. इतकी चूक का? हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू. मोठे भांडे, आत नगण्य वजनाचा वायू. तो तोलणे म्हणजे हत्तीच्या अंगावर बसलेल्या चिमणीचे वजन हत्तीसकट करण्यासारखे. पुन्हा तीच वजाबाकी, तोच सापळा.

त्याच्या काही निबंधांत मात्र वायूंच्या वजनाचे आकडे दशांशचिन्हानंतर लांबच लांब जात. १७८९ साली इंग्लंडच्या विल्यम निकल्सनने यावर बोट ठेवले. प्रयोगाच्या कुवतीपेक्षा कधी कधी हजारपट बारीक आकडे लिहिणे हा नुसता दिमाख आहे आणि खऱ्या शास्त्राला त्याची गरज नाही, असा त्याचा आक्षेप होता. आक्षेप रास्त होता. अचूकतेचा आग्रह धरणाऱ्यालाही आकड्यांचा मोह सुटत नाही, हे यातून दिसते.

त्याच १७८९ साली लाव्हाझ्येचा रसायनशास्त्राचा पायाभूत ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात तेहतीस मूलद्रव्यांची यादी होती. प्रकाश आणि उष्णता यांनाही त्याने मूलद्रव्ये मानले, ती चूक होती. पण जे आणखी विभागता येत नाही ते मूलद्रव्य, ही व्याख्या टिकली. साखरेपासून मद्य कसे होते हे सांगताना त्याने आधीचे सगळे पदार्थ एका बाजूला आणि नंतरचे दुसऱ्या बाजूला मांडून दोन्ही बाजू समान ठेवल्या. आज मुले रासायनिक समीकरणे संतुलित करतात त्याचे मूळ इथे आहे. जमाखर्चाच्या वहीची सवय असलेल्या माणसालाच ते सुचावे, यात नवल नाही. त्याच ग्रंथात त्याने आणखी एक व्यावहारिक सूचना केली. देशोदेशीची वजने निराळी आहेत, ती एक होईपर्यंत निदान प्रत्येकाने आपल्या पौंडाचे दशांश करावेत, म्हणजे एकाचे उत्तर दुसऱ्याला ताडता येईल.

सोरा, क्रांती आणि किलोग्रॅम

१७७५ पासून लाव्हाझ्ये सरकारच्या तोफेच्या दारूच्या कारखान्यांचा एक प्रमुख होता. हे काम त्याच्याकडे येण्यामागे आपल्या देशाचाही दूरचा संबंध आहे. दारूसाठी सोरा लागतो आणि उत्तम सोरा येई बिहारमधून. प्लासीनंतर तो व्यापार इंग्रजांच्या मुठीत गेला आणि फ्रान्सची कोंडी झाली. लाव्हाझ्येने देशातच सोरा बनवण्याच्या पद्धती सुधारल्या, दारूची प्रत वाढवली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ही फ्रेंच दारू उपयोगी पडली. या कामासाठी मिळालेल्या शस्त्रागारातल्या घरातच त्याची प्रयोगशाळा होती. १७८८ साली नव्या स्फोटक दारूच्या चाचणीत दोघांचा जीव गेला. लाव्हाझ्ये आणि मारी थोडक्यात बचावले.

१७८९ साली क्रांती झाली. लाव्हाझ्ये सुधारणांच्या बाजूचा होता, नव्या राज्याची कामेही त्याने केली. त्यांतले सर्वांत मोठे काम म्हणजे साऱ्या देशासाठी एकच वजनमाप ठरवणे. मीटर पृथ्वीच्या मापावरून घ्यायचा आणि त्या मीटरच्या दहाव्या भागाच्या घनात मावेल तेवढे शुद्ध पाणी म्हणजे वजनाचे एकक, असे ठरले. ते पाणी तोलायचे काम लाव्हाझ्ये आणि आयुई या दोघांकडे आले. धातूच्या नळकांड्याची मापे घेऊन, ते हवेत आणि पाण्यात तोलून, त्यांनी १७९३ च्या आरंभी उत्तर काढले : १८८४१ ग्रेन.

पण वारे फिरले होते. मारा या जहाल पुढाऱ्याने लाव्हाझ्येवर केव्हाच आग पाखडली होती. पॅरिसला भिंतीत कोंडणारा, तंबाखूत पाणी घालणारा मक्तेदार म्हणून. माराचे अग्नीविषयीचे लेखन अकादमीने पूर्वी मान्य केले नव्हते, तो राग त्यात होता. ऑगस्ट १७९३ मध्ये अकादमीच बंद करण्यात आली. नोव्हेंबरात करमक्त्याच्या सर्व भागीदारांना पकडण्याचा हुकूम निघाला. लाव्हाझ्ये काही दिवस लपला आणि मग सासऱ्यासह स्वतःहून हजर झाला. हिशेब स्वच्छ आहे, तो दाखवला की सुटका होईल, असा त्याचा विश्वास होता. तुरुंगात बसून त्यांनी तो हिशेब तयारही केला. वजनमापांच्या समितीतल्या बोर्दा आणि आयुई यांनी त्याला सोडावे म्हणून अर्ज केला. उत्तर म्हणून बोर्दालाच समितीतून काढून टाकले.

८ मे १७९४ रोजी सकाळी खटला चालला आणि त्याच दिवशी अठ्ठावीस जणांना गिलोटिनवर नेण्यात आले. लाव्हाझ्येच्या आधी त्याच्या सासऱ्याचा नंबर लागला. वय पन्नास. आपण ग्वाल्हेरकरांना हे साल लक्षात ठेवणे अवघड नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वानवडीला महादजी शिंदे यांचे निधन झाले होते. प्रजासत्ताकाला विद्वानांची गरज नाही, अशा अर्थाचे न्यायाधीशाचे वाक्य सगळीकडे सांगितले जाते, पण ती पुढे जोडलेली दंतकथा मानतात. दंतकथेची जरूरच नाही. ज्या न्यायासनाने हिशेबाची वही उघडूनही पाहिली नाही, त्याच्याविषयी आणखी काय सांगायचे?

उरलेला हिशेब

मारीने एका दिवसात वडील आणि नवरा दोघे गमावले. घर, पुस्तके, उपकरणे जप्त झाली. थोड्याच काळात जुलमी राजवट कोसळली, ती शिक्षा अन्यायाची होती हे मान्य झाले आणि मालमत्ता परत मिळाली. करमक्त्याचा हिशेब पुढे नव्याने तपासला गेला तेव्हा त्या मंडळींकडून सरकारचे येणे निघाले नाही. मारीने नवऱ्याचे अखेरचे लेखन संपादित करून छापले. १८०५ साली तिने काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाशी लग्न केले, ते फार टिकले नाही. लाव्हाझ्ये हे आडनाव मात्र तिने सोडले नाही. १८३६ साली ती वारली. ते तराजू आज पॅरिसच्या कला व तंत्रविद्या संग्रहालयात जपलेले आहेत.

आणि किलोग्रॅम? १७९९ साली दुसऱ्या दोघांनी पाणी पुन्हा तोलले आणि किलोग्रॅम १८८२७.१५ ग्रेनांचा ठरला. लाव्हाझ्येच्या आकड्यापेक्षा सुमारे चौदा ग्रेन कमी. मग तो चुकला का? तोही हिशेब करून पाहू.

लाव्हाझ्येच्या वेळी मीटर तात्पुरता होता. पृथ्वीची नवी मोजणी पुरी व्हायची होती, म्हणून त्याची लांबी जुन्या मोजणीवरून धरली होती. ती जुनी मोजणी लाकाय यांची, म्हणजे त्याच्या शाळेतल्या गुरुजींची. नव्या मोजणीत मीटर सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरने आखूड ठरला. लांबी दहा हजारांत तीनने घटली की लांबी, रुंदी, उंची मिळून घनफळ दहा हजारांत सुमारे दहाने घटते. त्या हिशेबाने लाव्हाझ्येच्या आकड्यातून अठरा ग्रेन वजा करावे लागतात. उरतात १८८२३. अंतिम आकड्याशी फरक चार-पाच ग्रेनांचा, म्हणजे पाव ग्रॅम. त्यातलाही काही भाग पाण्याच्या तापमानाचा आहे, कारण त्याने वितळत्या बर्फाचे तापमान धरले होते आणि नंतरच्यांनी पाणी सर्वांत दाट असते ते, चार अंशांजवळचे.

एका किलोमागे दोन गुंजांचा फरक, आणि त्यातलाही सगळा त्याचा नव्हे. ज्याचा हिशेब न्यायासनाने पाहिला नाही, त्याचा हिशेब पाच वर्षांनी तराजूने पाहिला आणि तो बरोबर निघाला.

यंदा प्रसादासाठी साखर, खोबरे तोलून घेताना, किंवा घरातल्या मुलाने दशांशाच्या सहा घरांपर्यंत उत्तर लिहून आणले तर, या माणसाची आठवण काढावी. मुलाला एवढेच विचारावे, की बाळा, यातले किती आकडे काट्याने सांगितले आणि किती तू सांगतो आहेस?